पेळूच्या छातीतला माग

आश्विनातली सकाळ पंचगंगेवरून येते ती हळदीच्या पावलांनी. नदीवरचं धुकं विरतं, उसाच्या पात्यांवरचं दंव थेंब थेंब निथळतं, आणि मग ते कोवळं, कनकवर्णी ऊन इचलकरंजीच्या गल्ल्यांत शिरतं. शिरताच त्याची चाल बदलते. कारण ह्या गावात ऊनसुद्धा थरथरतं.

मागाच्या शेडच्या पत्र्याला भोकं असतात. त्यांतून उन्हाचे तिरपे दांडे खाली उतरतात. त्या दांड्यांत सुताचे तंतू तरंगतात, शुभ्र, सूक्ष्म, निराधार. आणि खाली माग चालत असतात. खटक-खटक, खटक-खटक. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं; ताणा उभा, बाणा आडवा; आणि दोघांच्या मिठीतून हळूहळू लांबत जाणारं पांढरंफेक कापड.

ज्यानं हा नाद ऐकला नाही त्याला काय सांगावं. आणि ज्यानं जन्मभर ऐकला त्याला ओरडूनच सांगावं लागतं.

शेडच्या भिंतीला भिंत लावून गौराक्काचं घर. त्या घरात स्थिर असं काही नाही. फडताळातल्या पितळी डब्यांची झाकणं थरथरतात. देव्हाऱ्यात चौंडेश्वरीपुढची ज्योत थरथरते. तांब्यातल्या पाण्यावर वलय उमटतं, वलयात वलय, वलयात वलय. त्या घरात जन्मलेल्या लेकरांना वाटतं, पाणी असंच असतं.

थरथरत नाही ती एकटी गौराक्का. ताठ कण्याची, तिखट जिभेची, इरकली लुगड्याची गौराक्का. शाळा तिनं पाटी फुटेपर्यंत केली. पाटी लवकर फुटली. कान मागांनी खाल्ले. राहिले ते तळहात. सूत ओलं की कोरडं, ताप खरा की शाळा बुडवायचा, सून रुसलेली की दमलेली, सगळं ती तळहातानं ओळखायची, आणि ओळखलं की बोलून मोकळी व्हायची.

मालक गेले तेव्हाही ती थरथरली नाही. तिरडी गल्लीच्या वळणाआड गेली आणि शेडच्या दारात उभी राहून तिनं सांगितलं, माग चालू करा. गल्लीनं तोंडाला पदर लावला. बाई म्हणायची का धोंडा!

गल्लीला काय कळतंय. रडायला माणसाला आडोसा लागतो. कुणाला भिंतीचा, कुणाला पदराचा, कुणाला देवाचा. गौराक्काला मागाच्या आवाजाचा. त्या आवाजाआड ती दिवस मावळेपर्यंत रडली, मोठ्यानं रडली, आणि भिंतीपलीकडं कुणाला कळलं नाही.

&nbsp;

ह्या थरथरत्या घरात जुई होती.

जुई म्हणजे पामेरियन कुत्री. वीतभर उंची, कुंदकळीसारखे दात, आणि रुबाब असा की आत्ताच पालखीतून उतरली. गल्लीतल्या गावठी कुत्र्यांकडं ती बघायची, गौराक्का विहिणींकडं बघते तशी.

तिच्या पिलासाठी आळीतल्या बायका आधीपासून शब्द टाकून बसलेल्या. गौराक्का म्हणायची, “बघू. घर बघून देईन.” लेक द्यायची असल्यासारखं.

आणि जुईला जोडीदार शोधला तोही सोयरिकीसारखा. गौराक्काचं एक वाक्य होतं, तिच्याच घरात विणलेलं, तिच्याच तोंडात रंगलेलं. “बाण्याचा दोष बोटभर, ताण्याचा दोष थानभर.” आडवा धागा चुकला तर एक रेघ उमटते आणि मिटते. उभा धागा चुकला तर सगळं थान उलगडेपर्यंत ती रेघ सोबत येते. माणसाचं रक्त हा त्याचा ताणा. तो बघून घ्यावा. मुलगी बघताना हे वाक्य यायचं, जावई बघताना यायचं, आणि भाजीत मीठ जास्त पडलं की सुनेच्या माहेराचा उद्धार करतानाही यायचं.

सून जयमाला, जयसिंगपूरची. तिच्या माहेरी बाजी नावाचा पांढराधोट पामेरियन होता. जुईचा बाप आणि बाजीची आई सख्खी भावंडं. म्हणजे दोघं आते-मामे. गौराक्का खुलली. आपल्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतोच. घरातलं सूत घरात. गाठ मारायला लांबचा धागा कशाला?

बाजीला घेऊन जयमालाचा भाऊ आला, तेव्हा गौराक्कानं बाजीच्या कपाळी कुंकवाचं बोट लावलं आणि जुईपुढं खण ठेवला. गल्ली हसली. गौराक्काही हसली. हसायचेच दिवस होते ते.

वैशाखात जुई व्याली. एकच पिल्लू. एवढंसं, मुठीत मावणारं, पिंजलेल्या कापसाची चरख्यावर सूत काढायच्या आधी जी मऊ वळी करतात, त्या पेळूसारखं. म्हणून त्याचं नाव पेळू. नाव ठेवलं नातीनं, सात वर्षांच्या तनयानं, आणि गौराक्कानं ते मान्य केलं. गौराक्का दुसऱ्यानं ठेवलेली नावं सहसा मान्य करत नसे.

&nbsp;

पेळू शुभ्र होता. शेवरीच्या बोंडातून सुटलेला, दुधाच्या सायीतून उचललेला, चांदण्याच्या चिमटीतून निसटलेला शुभ्र. डोळे दोन जांभळं. नाक ओल्या करवंदाचं.

घरातली सगळी माणसं सोडून तो गौराक्काच्या मांडीत शिरायचा. इरकली लुगड्याच्या ओच्यात गुरफटायचा. आणि ती आपला राठ, रुंद, सुताच्या कांड्या भरभरून घट्टे पडलेला तळहात त्याच्या छातीवर ठेवायची.

छाती थरथरायची.

अखंड. झऱ्याखालचा खडा थरथरावा तशी. पहाटे घुसळणीच्या डेऱ्यावर हात ठेवावा तशी.

“बघ गं जयमाला,” गौराक्का म्हणायची, “मागाच्या घरचा हाय त्यो. अंगात माग घिऊन आलाय.”

आणि का म्हणू नये? भुई थरथरते, भिंत थरथरते, पाट, पाळणा, परात थरथरते. तिथं मांडीवरचं पिल्लू थरथरलं तर त्यात नवल कसलं? ज्या घरात सगळंच हलतं, तिथं हलणारं काळीज कुणी वेगळं काढावं?

पेळू चार पावलं धावायचा आणि बसायचा. “राजा हाय, दमतोय,” गौराक्का म्हणायची. पेळू खोकायचा, कोरडं, बारीक, बदकाच्या पिलासारखं. “सुताचं तंतू गेलं घशात,” गौराक्का म्हणायची. ह्या गावात कोण खोकत नाही? पेळू वाढायचा नाही. “जातच बारकी,” गौराक्का म्हणायची, आणि तिच्या आवाजात मोरपीस फिरायचं.

लस टोचायला माणूस घरी आला होता. त्यानं कानात नळी घातली, पेळूच्या छातीला लावली, आणि हसून काढून ठेवली. “आक्का, तुमच्या घरात माझं मलाच काळीज ऐकू येत नाही, ह्याचं कुठलं ऐकू?” गौराक्कानं त्याला चहा पाजला. दोघंही हसली.

अरे, हसण्याखाली केवढं काय झाकून जातं!

&nbsp;

मग आली खंडेनवमी.

एरवी हे गाव कधी गप नसतं. एका गल्लीची लाईट गेली तर दुसरीची असते. एका शेडला सुट्टी तर दुसरी चालू. भुईच्या पोटात कुठला ना कुठला माग धडधडतच असतो. पण खंडेनवमीला सगळे माग देव होतात. त्या दिवशी त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही. त्यांना तेलपाणी, त्यांना झेंडूच्या केशरी माळा, लोखंडी कपाळांना हळदीकुंकवाची बोटं. धोटे धुऊन पाटावर मांडायचे. उंबऱ्यावर कोहळा फोडायचा. आणि गावावर शांतता उतरते, एखादी विशाल, धवल, अदृश्य चादर उतरावी तशी.

त्या शांततेत माणसं कावरीबावरी होतात. मोठ्यानं बोलून बसतात आणि स्वतःच्याच आवाजाला दचकतात.

तनया स्वयंपाकघरातून धावत आली. “आज्जी, आज्जी, तांब्यातलं पाणी मेलं!”

“शुभ बोल गं, सणाचं.”

“ये ना, बघ तरी! हलतच न्हाई!”

गौराक्का जोत्यावर बसली होती. मांडीत पेळू. समोर झेंडूचा ढीग. आश्विनाचं ऊन पहिल्यांदाच न थरथरता भुईवर पडलं होतं, लख्ख, अखंड, धुतलेल्या पातळासारखं.

पाणी थांबलं होतं. झाकणं थांबली होती. ज्योत थांबली होती.

पेळू थांबला नव्हता.

गौराक्काचा तळहात त्याच्या छातीवर होता, नेहमीसारखा. आणि तळहाताखाली ते चालू होतं, नेहमीसारखं. अखंड. अविरत. एकट्यानं.

तिनं हात उचलला. लुगड्याला पुसला. पुन्हा ठेवला.

“बाळासो!” तिनं लेकाला हाक मारली. त्या निःशब्द गावात ती हाक वेशीपर्यंत गेली असेल. “कुठला माग चालू ठिवलायस रं?”

“कुठला न्हाई, आई.”

“एक चालू हाय.”

“एकबी न्हाई. आज कुठं…”

“जाऊन बघ म्हणते ना!”

बाळासो गेला. माळा घातलेल्या मागांमधून फिरला. बाहेर गल्लीत जाऊन आला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. आईचा चेहरा बघून ते उतरलं.

“आई, गावात आज एक धोटा हलत न्हाई.”

गौराक्कानं तळहात उचलून बघितला. तिच्या बोटांना झेंडूचा केशरी रंग लागला होता. तो पेळूच्या पांढऱ्या छातीवर उमटला होता, पाचही बोटांनी, मागावर पूजेची बोटं उमटतात तसा.

&nbsp;

दसऱ्याचं सोनं लुटलं आणि दुसऱ्या सकाळी घरातली माणसं कोल्हापूरला, जनावरांच्या दवाखान्यात निघाली. बाळासो गाडी चालवत होता. मागं सासू, सून, आणि सासूच्या ओच्यात पेळू. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा. वाऱ्यानं सळसळणारा, हिरवागार, निरोगी ऊस. तो बघूनही गौराक्काला राग आला.

राग कुणावर तरी काढायचा असतो.

“तुज्या बापाचा कुत्रा,” ती म्हणाली. “वरनं पांढरा दिसला. आतनं काय हुता, देव जाणे.”

जयमाला खिडकीबाहेर बघत होती. बारा वर्षं ती खिडकीबाहेरच बघत आली होती. आज तिनं मान वळवली.

“स्थळ तुम्हीच बघितलंत, आत्या. कुंकूबी तुम्हीच लावलंत. पत्रिका तेवढी बघायची राहिली.”

बाळासोनं उगाचच हॉर्न वाजवला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, पंखा बंद केला, आणि पेळूच्या छातीला नळी लावून डोळे मिटले. फार वेळ मिटले. मग यंत्रावर त्याचं काळीज दाखवलं. काळ्या पाण्यात उमलणारं आणि मिटणारं, करड्या पाकळ्यांचं एक इवलं फूल. फुगलेलं फूल.

“आजी,” त्या गौराक्काच्या कानाशी येऊन सावकाश म्हणाल्या, “आईच्या पोटात असताना पिलाला श्वास घ्यायचा नसतो. तेव्हा काळजाजवळ रक्ताला एक आडवाट असते. जन्म झाला, पहिला श्वास आला, की ती वाट आपोआप मिटते. ह्याची मिटली नाही. रक्त चुकीच्या वाटेनं परत परत फिरतंय. हाताला लागते ती थरथर त्याची.”

एवढंसं दार. मोहरीएवढं. आईच्या उदरातून बाहेर येताना मागं लोटून घ्यायचं राहिलेलं दार.

“मग मिटवा की.”

“मिटवता येतं. पुण्याला ऑपरेशन करतात. पण फुप्फुसात पाणी झालंय, अंगात ताकद नाही. आज भूल दिली तर उठणार नाही. औषधानं पाणी उतरलं, वजन वाढलं, तर नेऊ.” त्या थांबल्या. “अजून थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.”

गौराक्कानं पेळूला ओच्यात ओढून घेतलं.

“हे ह्याच्या बापाकडनं आलं का?” तिनं विचारलं. मान ताठ होती. न्यायाधीशापुढं उभी राहावी तशी ती उभी होती.

“दोन्हीकडून येतं, आजी. आईबाप ठणठणीत दिसतात, पण रक्तात असतं. दोघं नात्यातले आहेत का?”



जयमाला बोलू शकली असती. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं. बारा वर्षांची थप्पी होती. तिनं सासूकडं पाहिलं. ताठ कण्याची ती बाई टेबलाच्या कडेला हात टेकून उभी होती, आणि तो हात थरथरत होता. कोल्हापुरात. जिथं खाली एकही माग नव्हता.

जयमाला गप्प राहिली. काही शांतता दान असते.

&nbsp;

घरी आल्यावर गौराक्कानं पहिली गोष्ट केली ती ही: शेडमधून मऊ कापडाचा तुकडा फाडून आणला, आढ्याच्या वाशाला दोर बांधला, आणि झोळी टांगली. भुईवर ठेवलं तर भुई थरथरते. कोण हलतंय ते कळत नाही. दोरावर टांगलं की भुईचं भुईपाशी. तिथं जे थरथरेल ते पेळूचंच.

आणि मग सुरू झालं ते एक नाजूक, निगुतीचं, न संपणारं व्रत. गोळी लोण्यात. दुसरी गोळी सायीत. जेवणात मीठ नाही. गळ्यात पट्टा नाही. छातीवरून सैल दोरी. धावणं नाही, जिना नाही, ऊन नाही. जोत्याची पायरीसुद्धा तो गौराक्काच्या पदरातून उतरायचा. झोपेत त्याचे श्वास किती वेगानं चालतात ते जयमाला बघायची, कारण सासूला मोबाईलचं घड्याळ जमत नव्हतं आणि ते कबूल करणं तर त्याहून जमत नव्हतं.

“चुकशील. नीट बघ,” सासू म्हणायची.

“मग तुम्हीच बघा की.”

“माझं डोळं आलंत.”

“कवापास्नं?”

“आत्ताच.”

दिवाळी आली. गौराक्का गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली आणि फटाका हातात घेतलेल्या प्रत्येकाला त्याच्या आज्यापासून ओळखून दाखवू लागली. त्या वर्षी त्या गल्लीत फुलबाज्याच तेवढ्या उडाल्या. मूक, सुवर्णबिंदू सांडणाऱ्या फुलबाज्या. झोळीच्या काठावर हनुवटी टेकून पेळू त्या बघत होता. त्याच्या जांभुळडोळ्यांत सोन्याची झाडं उगवत होती आणि विझत होती.

कार्तिकात त्याचा खोकला उतरला. एकदा तर तो झोळीतून उतरवल्यावर तनयाच्या मागं उंबऱ्यापर्यंत धावला. आणि बसला नाही. गौराक्कानं ते पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवलं. दृष्ट लागते. आपलीच आपल्याला लागते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पाणी उतरतंय. असंच राहिलं तर पौषात पुण्याला नेऊ.”

त्या संध्याकाळी आळीतल्या चंपाबाई दारात आल्या. “आक्का, जुईचं पुढचं पिल्लू माझं बरं का. तुम्ही शब्द दिलाय.”

जुई उंबऱ्यात बसली होती, तशीच ऐटीत, तशीच पालखीतून उतरल्यासारखी. आत काय वाहतंय ह्याची तिला खबर नव्हती. कुणाला असते?

“जुईला आता पिल्लू न्हाई,” गौराक्का म्हणाली. “डॉक्टरकडं नेऊन आनली तिला. संपलं.”

“अगं बाई! एवढी अस्सल जात…”

“अस्सलच नडलं, चंपा. ताण्यात रेघ हाय. थान हितंच फाडायचं.”

आत जयमाला पीठ मळत होती. तिचे हात परातीत थांबले. सासू आत आली, पाणी प्यायली, तांब्या पालथा घातला, आणि पाठमोरीच म्हणाली, “तुज्या बापाचा बाजी बरा हाय का गं? त्येला बी एकदा दाखवून आना म्हणावं. म्हातारा झाला असंल.”

एवढंच. गौराक्काच्या तोंडून ह्याहून मोठी क्षमा कधी निघाली नव्हती आणि पुढंही निघणार नव्हती. जयमालानं ती पदरात बांधून ठेवली.

&nbsp;

पण मार्गशीर्षातली थंडी आली. नदीकडून आली, करडी, ओली, मुकी. आणि पेळूच्या फुप्फुसांत पुन्हा पाणी चढलं.

गोळ्या वाढल्या. कोल्हापूरच्या फेऱ्या वाढल्या. पेळू वाढला नाही. त्याच्या पोटाची कमान वर-खाली, वर-खाली. हिरड्यांची जास्वंद फिकी पडत गेली, मग राखेची झाली. तो आडवा होईना. आडवं झालं की श्वास बुडायचा. तो झोळीत बसून राहायचा, मान पुढं, कोपरं फाकलेली. एवढासा, पांढरा, विचारात पडलेल्या ऋषीसारखा.

डॉक्टरीणबाई पुण्याचं नाव काढेनाशा झाल्या. गौराक्कानंही विचारणं सोडलं.

पौषातली एक दुपार. ऊन होतं, पण उतरलेलं; पितळ झिजावं तसं. पेळूनं लोणी चाटलं नाही. तनयाची हाक ऐकून शेपटीचं टोक एकदा हललं, आणि पडलं.

गौराक्कानं झोळीखाली तळहात लावला. बराच वेळ लावला. मग झोळी उतरवली.

“जयमाला, भुई सारव… न्हाई, राहू दे. फरशी पूस. आन् तुळशीचं पान आण.”

जयमाला उभीच राहिली. जाणाऱ्याला भुईवर घेतात. गादीवर, बाजेवर, टांगल्या झोळीत जीव अडकतो म्हणतात. मालकांना असंच घेतलं होतं. आज गौराक्कानं आपलं एक जुनं इरकली पातळ चौघडी करून भुईवर अंथरलं आणि पेळूला त्यावर ठेवलं.

ठेवलं, छातीवर हात ठेवला, आणि ती दचकली.

भुई थरथरत होती. शेडमधले माग चालू होते. खटक-खटक, खटक-खटक. पातळ थरथरत होतं, पेळूचे केस थरथरत होते. आणि तळहाताखाली त्याचं कुठलं, भुईचं कुठलं, काही कळत नव्हतं. एकदा ती फसली होती. आता नाही. आता ह्या घडीला नाही.

“बाळासो, माग बंद कर.”

“आई, आज कापड जायचं हाय. गाडी यील संध्याकाळी…”

“कापड उद्याबी इणता येतंय.”

बाळासोनं आईकडं पाहिलं. बाप गेला तेव्हा तिरडी वळणाआड होताच माग चालू करायला लावणारी ही बाई. तो शेडमध्ये गेला.

एकेक माग मिटत गेला. निजानीज होताना एकेक दिवा मालवावा तसा. पण भुई अजून हलत होती, बारीक, लांबून; शेजारच्या शेडमधून. तेव्हा जयमाला उठली. पदर खोचला, आणि कुणी न सांगता बाहेर पडली. शेजारी काय बोलली, पलीकडच्या दारी काय बोलली, तिचं तिला ठाऊक. थोड्या वेळानं तो नादही मिटला, आणि त्याच्या पलीकडचा. गल्ली गप झाली. खंडेनवमी नसताना गप झाली.

तांब्यातलं पाणी थांबलं.

आता फक्त पेळू.

राठ तळहाताखाली तो एकटा चालत होता. मोहरीएवढ्या उघड्या दारातून रक्त जात होतं, येत होतं, वाट चुकत होतं, वाट शोधत होतं. झरा आटताना खड्याभोवती घुटमळतो तसं. धोटा इकडून तिकडं. तिकडून इकडं. मग इकडून… मग तिकडून…

गौराक्कानं तुळशीच्या पानानं पाण्याचा एक थेंब त्याच्या ओठाला लावला. जुई येऊन बाजूला बसली होती. ऐट नव्हती. तिनं पिलाचा कान एकदा चाटला.

मग ते दार मिटलं.

जन्माला येताना मिटायचं राहिलेलं ते दार, त्या पितळी दुपारी, अगदी हळू, अगदी नीट, आतून लावून घेतल्यासारखं मिटलं. तळहाताखाली काही हललं नाही. घरात काही हललं नाही. झाकणं, ज्योत, पाणी. सगळं स्थिर, सगळं स्वच्छ, सगळं रितं.

“आज्जी,” तनया दारातून म्हणाली, “पेळू थांबला?”

गौराक्काला ऐकू आलं. त्या शांततेत तिला सगळं ऐकू येत होतं. हीच तर पंचाईत होती. सून ऐकेल. लेक ऐकेल. गल्ली कान लावून बसलेली.

ती मान न वळवता म्हणाली, “बाळासो. माग चालू कर.”

बाळासो जागचा हलला नाही. त्याला वाटलं, आईचं डोकं फिरलं. जयमालाला कळलं. तिनं तनयाला जवळ ओढलं, नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं, आणि जाताना दार लोटून घेतलं.

आधी एक माग. मग दुसरा. मग भिंतीपलीकडं सगळे. खटक-खटक, खटक-खटक. भुई जागी झाली. भिंत जागी झाली. डब्यांची झाकणं बोलू लागली. तांब्यातल्या पाण्यावर वलय उमटलं, वलयात वलय, वलयात वलय. आणि ती थरथर भुईतून पातळात चढली, पातळातून त्या पांढऱ्याशुभ्र केसांत, केसांतून त्या इवल्या छातीत. आणि छातीवर ठेवलेल्या, न उचललेल्या तळहाताला लागली.

पेळू थरथरत होता.

कोणाची थरथर ती, गौराक्काला ठाऊक होतं. ह्या खेपेला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं हात काढला नाही. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक दांडा आत आला होता, त्यात सुताचे तंतू तरंगत होते. आणि त्या आवाजाआड, त्या अखंड, आंधळ्या, दयाळू आवाजाआड तिनं तोंड उघडलं. धोटा इकडून तिकडं गेला. तिकडून इकडं आला. भिंतीपलीकडं कुणाला काही कळलं नाही.